जुनं ते पिस्तूल

फलटणला जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर माणूस आधी टायरला लाथ मारतो, मग रानात एक फेरी मारतो आणि शेवटी किमतीवर येतो. जुन्या पिस्तुलाचं उलटं. परवाना आधी, किंमत मग, फेरी जवळजवळ नाहीच.

ट्रॅक्टरचा भाव दरवर्षी उतरतो, विलायती पिस्तुलाचा चढतो. १९८०च्या दशकात खासगी आयात बंद झाली, तेव्हापासून आजोबांच्या वयाचं .३२ बोअरही लाखांत बोलतं. ९ एमएम मागू नये, ते निषिद्ध बोअर.

आमच्या अण्णांनी साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत इतके हेलपाटे घातले की एसटीचा कंडक्टर तिकीट न विचारताच फाडू लागला. परवाना झाला, पिस्तूल आलं. आता चालवून बघायचं कुठं? मळ्यात उडवलं तर गुन्हा. पुतण्याच्या वरातीत उडवलं तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. राहिली शूटिंग रेंज. तिथं काडतूस मोजून फोडायचं, कारण तेही परवान्यावर मोजूनच मिळतं.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली, हत्यार जमा करण्याची नोटीस आली. पिस्तूल पोलीस ठाण्यात गेलं, कंबरेला नुसतं रिकामं होल्स्टर राहिलं.

अण्णा मात्र खूश. म्हणतात, "संरक्षणासाठी घेतलं होतं. आता पोलीसच त्याचं संरक्षण करतायत!"