मावशींना कोण सांगणार?

वुहानमधल्या एका नेत्रतज्ज्ञाने ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्याबरोबर शिकलेल्या डॉक्टरांच्या गटात एक निरोप टाकला: सार्ससारखा आजार दिसतो आहे, जपून राहा. ली वेनलियांग त्यांचं नाव. त्यांना कुणाला अडचणीत आणायचं नव्हतं. रोज रुग्णांच्या तोंडाजवळ वाकणाऱ्या मित्रांनी स्वतःला सांभाळावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावलं, खोट्या गोष्टी पसरवता म्हणून ताकीद दिली, कागदावर सही घेतली. ते पुन्हा कामावर गेले. काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांना लागण झाली आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी, ऐन तिशीत, ते गेले. मार्चमध्ये ताकीद मागे घेतली गेली, कुटुंबाची माफीही मागितली गेली. तोवर विषाणू जगभर पोचला होता.

मास्क, हातमोजे, किट यांची पाळी नंतर येते. आधी कळावं लागतं. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला समोर काय आहे हे कळू न देणं म्हणजे त्याला उघड्या हातांनी आगीत ढकलणं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी अजिबात मऊ करून मांडणार नाही.

पुरावा हवा? सार्सची साथ, ७ मार्च २००३. देश कॅनडा, दिवस एकच, शहरं दोन. व्हँकुव्हरमध्ये हाँगकाँगहून परतलेला एक रुग्ण ताप आणि धाप घेऊन मोठ्या रुग्णालयात आला. तिथल्या प्रांताच्या साथनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीतच रुग्णालयांना कळवलं होतं, की चीन-हाँगकाँगकडे श्वसनाचा वेगळाच आजार दिसतो आहे, तिकडून आलेल्या रुग्णाबाबत सावध राहा. दारातल्या माणसांना ते माहीत होतं. रुग्ण काही मिनिटांत वेगळा ठेवला गेला, कर्मचाऱ्यांनी मास्क चढवले. त्याच्यापासून आजार पुढे गेला नाही.

त्याच दिवशी टोरंटोत दुसरा रुग्ण आला. त्याची आई हाँगकाँगहून परतली होती आणि दोनच दिवसांपूर्वी घरी वारली होती. तो मात्र स्वतः कुठे गेला नव्हता. तो इमर्जन्सीत इतर रुग्णांच्या शेजारी तासन्‌तास पडून राहिला. तिथून आजार शेजारच्या खाटांवर गेला, कर्मचाऱ्यांवर गेला, त्यांच्या घरांत गेला. त्या साथीत कॅनडात ४४ माणसं मेली. त्यांत दोन परिचारिका होत्या, एक डॉक्टर होता. दैवाचाही त्यात भाग होता, हे मान्य. पण एका दारात कुणी आधी सांगून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दारात नव्हतं, हा फरक दैवाचा नाही.

पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. मे महिन्यात टोरंटोत साथ आटोपली असं जाहीर झालं, काळजी सैल झाली. नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयातल्या परिचारिका तेव्हा सांगत होत्या की अस्थिरोगाच्या वॉर्डात ताप-खोकल्याचे रुग्ण सापडताहेत, हे नेहमीचं नाही. त्यांचं म्हणणं मनावर घेतलं गेलं नाही. महिना संपायच्या आत सार्सची दुसरी लाट त्याच रुग्णालयातून उठली. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने हे सगळं नोंदवून ठेवलं. जानेवारी २००७ मधल्या त्यांच्या अहवालाचं सार असं, की कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेबाबत शास्त्राची पक्की खात्री पटेपर्यंत थांबू नका. शंका आली की आधी जपा.

अहवाल छापला गेला, जगभर वाचलाही गेला. तेरा वर्षांनी परीक्षा आली.

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितलं, की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतल्या प्रसाराकडे लक्ष वेधलं. संघटनेने आपल्या माहितीपत्रात हवेचा मार्ग नीट मांडायला एप्रिल २०२१ उजाडलं. या वादाचा वॉर्डातल्या माणसाशी थेट संबंध होता. हवेतून पसरत नाही असं धरलं, की एन-९५ फक्त श्वासमार्गात नळी घालणाऱ्या आणि अतिदक्षता विभागातल्या मंडळींना मिळतो, साध्या वॉर्डातल्या सिस्टरला साधा मास्क पुरे ठरतो. शंका होती तर शंका आहे असं सांगायचं होतं. ‘आम्हाला अजून खात्री नाही, म्हणून सध्या जास्तच जपा’ हे वाक्य उच्चारायला कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं.

आणि मास्क होते कुठे? २०२० च्या त्या मार्चमध्ये कोलकात्यात डॉक्टरांच्या हाती प्लॅस्टिकचे रेनकोट पडले, हरियाणात एका डॉक्टरने मोटरसायकलचं हेल्मेट चढवलं. संरक्षक साहित्य द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला ८ एप्रिल रोजी सांगावं लागलं आणि त्या आदेशासाठी नागपूरच्या एका डॉक्टरला दार ठोठावावं लागलं. २२ मार्चला आपण गच्चीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. वाजवणाऱ्यांच्या मनात कृतज्ञता होती, ती मी खोटी म्हणत नाही. पण कृतज्ञतेला तोंडावर बांधता येत नाही.

आता आपल्या घरात या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयात सिस्टर असतात, ब्रदर असतात, मावशी असतात, मामा असतात. आपण त्यांना घरातल्यासारखी हाक मारतो. मग घरातल्यासारखं सांगतो का? परिपत्रक मुंबईहून निघतं, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे येतं, अधीक्षकांकडे जातं, मेट्रनच्या टेबलावर पोचतं, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर त्यावर सही करतात. तिथे ते थांबतं. मावशी कंत्राटदाराच्या असतात. रुग्णालय म्हणतं त्या आमच्या नाहीत, कंत्राटदार म्हणतो आजाराचं आम्हाला काय ठाऊक.

आणि रुग्णाच्या सगळ्यात जवळ कोण जातं? ओकारी मावशी पुसतात, चादर मावशी ओढतात, भांडं मावशी देतात. मृतदेह पिशवीत घालून बांधतात ते मामा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्चमध्येच सांगितलं की कोविडचा कचरा दुहेरी पिशवीत भरा, पिशवीवर तशी चिठ्ठी लावा. उत्तम सूचना. पण ती चिठ्ठी इंग्रजीत असली आणि पिशवी उचलणारा हात इंग्रजी वाचत नसला, तर ती सूचना नेमकी कुणासाठी होती?

किट अंगावर चढवणं सोपं असतं. धोका असतो तो उतरवताना. मळलेला बाहेरचा भाग आतल्या कपड्याला लागू द्यायचा नाही, टप्प्याटप्प्याला हात साफ करायचे, मास्क शेवटी काढायचा. हे कागदावर वाचून येत नाही. कुणीतरी समोर उभं राहून चारदा करून दाखवावं लागतं, चुकलं की न रागावता पुन्हा दाखवावं लागतं. मास्क गालाला घट्ट बसला की नाही, हे तपासायलाही माणूस लागतो. डॉक्टरांना हे शिकवलं जातं. मावशींना बहुधा ‘हे घाला’ एवढंच सांगितलं जातं.

सूचना बदलतात, याचा मला राग नाही. नवा आजार आहे, शास्त्र शिकत असतं. मे २०२० पर्यंत कोविड वॉर्डात पाळी करून आलेल्यांना चौदा दिवस वेगळं राहायची सोय होती. १५ मे रोजी केंद्राने कळवलं, की किट नीट घातलं असेल आणि मोठ्या धोक्याचा संपर्क घडला नसेल तर त्याची गरज नाही. कदाचित ते बरोबरही असेल. पण घरात सासू-सासरे आणि लहान पोर असलेल्या सिस्टरला हे का बदललं ते शेजारी बसून कुणी समजावलं? जागा कमी पडते म्हणून बदललं, की खरंच सुरक्षित आहे म्हणून? कालचं का बदललं ते सांगितलं नाही, की माणूस उद्याचंही मानत नाही. मग तो मोबाइलवर आलेल्या काढ्यावर विश्वास ठेवतो, आणि दोष त्याला देता येत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत प्रश्न आला: किती आरोग्य कर्मचारी गेले? उत्तर आलं की आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्राकडे अशी आकडेवारी नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ डॉक्टरांची यादी पुढे ठेवली. ती डॉक्टरांच्या संघटनेची यादी होती. त्यात सिस्टर नव्हत्या, मावशी नव्हत्या, मामा नव्हते. पन्नास लाखांचा विमा मार्चमध्येच जाहीर झाला होता. विमा द्यायला मोजता येतं आणि संसदेत सांगायला येत नाही, हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही. कोण कुठल्या वॉर्डात, कुठलं काम करताना आजारी पडलं याची नोंद ही उरलेल्यांसाठी सगळ्यात मोलाची माहिती असते.

ज्या साथरोग कायद्याच्या आधारे हा सगळा कारभार चालला तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमधला. त्यात कायद्यानुसार काम करणाऱ्यावर कुणी दावा लावू नये, याची तरतूद होती. रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या जिवाबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करता करता त्याच आजाराने गेल्या. त्या कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचं कलम यायला २२ एप्रिल २०२० उजाडावं लागलं. तेही मारहाणीपासून संरक्षण. दगड मारणाऱ्याला पाच-सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती असायलाच हवी. मास्क न देणाऱ्याला, धोका लपवणाऱ्याला त्यात काहीच नाही.

एक गोष्ट चांगली घडली तीही सांगतो. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली सुई एका सफाई कामगाराला दिली गेली. रांग कशी लावायची हे आपल्याला कळतं, हे त्या दिवशी दिसलं. माहितीची रांगही तशीच लावता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

पाळी बदलताना दहा मिनिटं हवीत. सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, कंत्राटी असोत की कायम, सगळे एका गोलात उभे. काल काय बदललं, का बदललं, आज कुठल्या खाटेजवळ जपायचं, साठ्यात किती मास्क उरले, आपल्यातलं कोण आजारी पडलं, हे मराठीत, मोठ्याने, काही न लपवता सांगायचं. मग इन्चार्ज सिस्टरनी मावशींकडे वळून विचारायचं, “रात्री तुम्हाला काही वेगळं दिसलं का?” आणि त्या जे सांगतील ते वहीत लिहून घ्यायचं.