निरोष्ठ इंग्रजी

आमच्या बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी एक नाही, दोन नाही, एकशे आठ रामायणं लिहिली. एवढी लिहायची म्हटल्यावर माणूस काहीतरी खोड्या काढणारच. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरं औषधालाही नाहीत. वाचताना ओठाला ओठ टेकतच नाही. म्हणजे बघा, ‘राम’ म्हणायचीसुद्धा सोय नाही, आणि तरी रामायण पुरं!

पंत १७९४ साली गेले, विद्या मात्र तालुक्यात राहिली. शेजारच्या इंदापुरात पसरली. दर मार्चमध्ये आमची मुलं इंग्रजी ओठांवर येऊ न देता इंग्रजीत ऐंशीच्या पुढे मार्क काढतात. त्यांचाही दोष नाही म्हणा. ‘बारामती’ म्हणायला ओठ टेकवावे लागतात, ‘इंदापूर’ म्हणायला लागतात, ‘भिगवण’ला तर हटकून लागतात. ‘इंग्रजी’ म्हणून बघा. ‘गाइड’, ‘क्लास’, ‘डायजेस्ट’ म्हणून बघा. ओठ जागचे हलत नाहीत.

माझा भाचा इंदापूर तालुक्यात दहावीला आहे. सेमी इंग्रजी. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत आणि रागावणं सगळंच मराठीत. भाच्याच्या आजोबांना एबीसीडी भेटली ती आठवीत, कारण मुख्यमंत्री खेरांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत पुढे ढकललं होतं. बापाला भेटली पाचवीत. २००० सालापासून ती पहिलीच्या वर्गात येऊन बसली. आता अंगणवाडीतली पोरंही ‘ट्विंकल’वर हात हलवतात. राहता राहिलं डोहाळजेवण. पण पोटात शिकण्यात एक धोका असतो. अभिमन्यूला आत शिरायचं कळलं, बाहेर पडायचं नाही. परफेक्ट टेन्समध्ये शिरलेली अशी कितीतरी पोरं मी पाहिली आहेत.

दाजी बागायतदार. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं, असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी विचारलं, “फॅट किती लागते?” मला इंग्रजी येत नाही, हे दाजी चारचौघांत अभिमानाने सांगतात. सांगून झालं की कारखान्याच्या क्रशिंगवर, रिकव्हरीवर, एफआरपीवर आणि डिस्टिलरीवर तासभर बोलतात. रानात गेले की ड्रिप, लॅटरल, फिल्टर, व्हॉल्व्ह. दुधावर आले की एसएनएफ. एकही शब्द अडखळत नाही. पोराच्या इंग्रजीकडेही ते उसाच्या नजरेनेच बघतात: आठवीला लागण, नववीला बांधणी, दहावीला तोड. सरांना भेटले की एकच प्रश्न, “उतारा किती पडंल?” सरही बिचारे शेतकऱ्याच्या घरातले, त्यांना प्रश्न बरोबर कळतो.

परीक्षेला आता प्रश्नपत्रिका नसते, कृतिपत्रिका असते. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण नेमकं ठेवलं. कृती म्हटलं की आपल्याकडे पुढे साहित्य आणि प्रमाण येतं. भाच्याच्या वहीत कवितेच्या रसग्रहणाची कृती अशी आहे: आधी कवितेचं नाव घ्यावं, त्यात कवीचं नाव मिसळावं, यमकाची रचना ए-बी-ए-बी अशी पसरावी, एखादा अलंकार सोलून घालावा आणि वरून ‘द लँग्वेज ऑफ द पोएम इज सिंपल अँड ल्युसिड’ भुरभुरावं. टागोरांना हीच कृती, शेक्सपिअरला हीच, व्हिटमनलाही हीच; यमक नसेल तिथे एक पायरी कमी. मी विचारलं, “ल्युसिड म्हणजे काय रे?”

“एक मार्क.”

शेक्सपिअरने माणसाच्या सात अवस्था सांगितल्या आहेत. त्यातली दुसरी अवस्था दप्तर घेऊन रडतखडत, गोगलगाईच्या चालीने शाळेला निघालेल्या पोराची. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थाने इथल्याच एखाद्या पोराला जाताना पाहिलं असावं, इतकं ते जमलंय. भाच्याने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ‘सिमिली’ लिहून ठेवलं होतं. तो स्वतःबद्दल काही वाचतोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित हसला असता, पण हसण्याला मार्क नाहीत.

लेखी ऐंशी, तोंडी आणि अंतर्गत वीस. वीस घरचेच. ऐंशीतले पाच पुन्हा इंग्रजीतलं मराठीत उतरवण्याचे, म्हणजे इंग्रजीच्या पेपरात मराठी लिहून मिळवायचे. राज्यात मराठीला एवढी हमी दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळत असेल असं वाटत नाही. तोंडी परीक्षेबद्दल भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “सरांनी नाव विचारलं, मी सांगितलं. मग सर म्हणाले, जा.” म्हणजे परीक्षा झाली. नावात पहिलंच अक्षर ‘प’ होतं, त्यामुळे तेवढ्यापुरते तरी ओठ टेकले.

आता उच्चारांचं. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीन चाकी गाडी बनते. तिच्यावर इंग्रजीत ए, पी, ई अशी तीन अक्षरं. पाचवी शिकलेला ड्रायव्हर ती आपल्या बाराखडीने वाचतो आणि म्हणतो ‘आपे’. भाच्याने त्याला सुधारलं: “एप. म्हणजे बिनशेपटाचं माकड.” आता गंमत अशी की शब्द इटालियन. अर्थ मधमाशी, उच्चार आपे. त्याच घराण्यातली व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ड्रायव्हर बरोबर निघाला. पण त्याने परीक्षाच दिलेली नसल्यामुळे त्याला मार्क द्यायचे कुठे, हा प्रश्न आहे.

गेल्या थंडीत भाच्याला घेऊन कुंभारगावला गेलो. उजनीचं पाणी, पाण्यात फ्लेमिंगो, काठाला पुण्या-मुंबईच्या गाड्या. इथले होडीवाले मूळचे मासेमार. धरणात रानं गेली, जाळी आली. आता जाळ्याबरोबर दुर्बीणही आली. आमच्या होडीवाल्याने दहावीला इंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्ली होती, हे त्याने स्वतःच हसत सांगितलं. आमच्याबरोबर कॅमेरा घेतलेले एक परदेशी गृहस्थ होते. त्यांनी लांब खांबावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट करून भाच्याला काहीतरी विचारलं. प्रश्न सोपा होता, सिंपल अँड ल्युसिड. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटून घेतले. पंतांच्याही एक पायरी पुढे. त्यांच्या रामायणात निदान आवाज तरी निघतो.

होडीवाल्याने वल्हं थांबवलं. “सर, लेफ्ट साइड. ऑस्प्रे. ईटिंग फिश. व्हेरी बिग फिश. कॅमेरा रेडी, आय गो स्लो.”

साहेब खूश. खटाखट फोटो निघाले. मग साहेबांनी तो पक्षी कुठून येतो विचारलं, होडीवाल्याने हिमालयाच्या दिशेने हात केला आणि थंडी, बर्फ, मासे अशी सगळी हकिकत सांगितली, तीही क्रियापदांना फारसा त्रास न देता. दोघं इतके रंगले की होडी गवतात शिरली.

भाचा हळूच माझ्या कानाशी लागला.

“मामा, मधे ‘इज’ राहिला.”