राजाला दुर्मीळ, आम्हाला घरपोच

सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्याने ‘भावप्रकाश’ लिहिला. त्यात अष्टवर्गातल्या आठ वनस्पतींची वर्णनं झाल्यावर तो सरळ सांगून टाकतो, की हे प्रकरण राजेलोकांनाही मिळत नाही, तेव्हा वैद्याने हट्ट न धरता दुसरं काहीतरी घ्यावं. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी. नावं अशी, की जुन्या वाड्यातल्या आठ चुलत सासवा ओटीवर ओळीने बसल्यात असं वाटावं. राहायला हिमालयात, तेही उंचावर. मग भावमिश्राने तोडगा काढला. मेदा-महामेदाच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, दोन्ही काकोल्यांसाठी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धीसाठी वाराहीकंद. आठ जणींचं काम चौघांत भागलं.

ज्या वस्तूसाठी दिल्लीच्या तख्तावरच्या माणसालाही हात चोळत बसावं लागलं असतं, ती आज च्यवनप्राशाच्या बरणीतून आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये घरटी एक किलो आहे. वर चमचा फुकट. बरणीवर पुढच्या बाजूला जटाधारी ऋषी, मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. ती वाचायला लागणारी नजर ज्यांच्याकडे आहे त्यांना च्यवनप्राशाची गरज नसते, आणि ज्यांना गरज आहे त्यांना ती यादी दिसत नाही. सगळं कसं जुळून आलं आहे.

आपल्या पूर्वजांना मात्र मानलं पाहिजे. मिळत नाही म्हणून औषध अडलं, असं त्यांनी होऊ दिलं नाही. द्राक्षं नाहीत? शिवणीचं फळ घ्या. तेही नाही? मोहाचं फूल आहे ना. केशर परवडत नाही, तर करडईचं ताजं फूल. मोती नसतील तर मोत्याची शिंपी. अतिविष नसेल तर नागरमोथा. मध संपला असेल तर जुना गूळ. ही यादी वाचताना मराठी माणसाला परकं काहीच वाटत नाही. दागिन्यांपासून आसनापर्यंत जे जे घरात नाही, ते ते ‘अर्थे अक्षतां समर्पयामि’ म्हणून देवाच्या डोक्यावर टाकणारी माणसं आपण. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतो, आणि आपटा मिळेनासा झाला तेव्हा मंडईतल्या बायकांनी कांचनाची पानं आपटा म्हणून विकायला काढली. सोन्याचा बदली आपटा, आपट्याचा बदली कांचन. देणाऱ्याघेणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मात्र बावीस कॅरटचं.

पण भावमिश्राने एक अट घालून ठेवली होती, तिच्याकडे कुणी बघत नाही. बदली चालेल ती दुय्यम द्रव्याला. योगातलं जे मुख्य द्रव्य, त्याला बदली नाही. च्यवनप्राशात जीवकापासून जिवंतीपर्यंत काय हवं ते पुढेमागे करा, आवळ्याच्या जागी दुसरं काही घालता येणार नाही. चरकाने तर ते मोजून पाचशे सांगितलेत. म्हणजे आधी आवळे मोजायचे, मग बाकीच्या गोष्टी बोलायच्या.

आता आमच्या नानांकडे या. नाना बी विंगमधले, सेवानिवृत्त, वजन वाढलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि फोन नवा. मुलीने त्यांना एका वेलनेस कोचबाईंच्या कार्यक्रमाला घातलं. कोचबाई बसतात बंगळुरूला, बोलतात इंग्रजीत, आणि यादी पाठवतात ती थेट ऋषिमुनींच्या काळातली. पहाटे शंखपुष्पी, न्याहारीला ब्राह्मी, दुपारी नागकेशर, रात्री वंशलोचन घातलेलं दूध. सोबत ब्राह्ममुहूर्तावर उठणं, अनवाणी चालणं आणि रोज दहा हजार पावलं. नानांना यादी फार आवडली. पावलांचा भाग सोडून.

यादी घेऊन आम्ही पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. वेखंडाचा आणि हिंगाचा वास रस्त्यापर्यंत येतो, तेवढी खूण पुरते. आत छतापर्यंत पत्र्याचे डबे, डब्यांवर तैलरंगात लिहिलेली नावं, निम्मी पुसलेली. मालकांना कुठल्या डब्यात काय आहे हे पाठ, त्यामुळे नाव पुन्हा रंगवायची कुणाला घाई नाही. आमच्या पुढे एक बाई होत्या, होऊ घातलेल्या आजी. त्यांनी ‘बाळगुटीचं द्या’ एवढंच म्हटलं. मालकांनी एक शब्द न विचारता मुरडशेंग, मायफळ, हिरडा, बेहडा, काकडशिंगी, ज्येष्ठमध, हळकुंड अशा चिमट्या कागदावर टाकल्या, पुडी बांधली, दोरा तोडला. सुनेचे डॉक्टर वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू देत नाहीत आणि गुटीलाही नको म्हणतात, हे बाईंनीच सांगितलं. ‘मग?’ मालकांनी विचारलं. ‘मग काय, सहाण तरी दिसू दे घरात,’ असं म्हणून त्या गेल्या.

मग आमचा नंबर.

‘शंखपुष्पी द्या, पन्नास ग्रॅम.’

‘कुठली देऊ, काका?’

‘कुठली म्हणजे? शंखपुष्पी!’

‘उत्तरेकडे एक वापरतात. केरळातले गोकर्णाला शंखपुष्पी म्हणतात. बंगाल्यांची आणखी तिसरी. आमच्याकडे विष्णुक्रांताही खपते. तुम्हाला कुठल्या राज्यातली बुद्धी हवी?’

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्यांकडे पाहिलं.

ब्राह्मीचीही तीच कथा. एकीची पानं गोल, ती मंडूकपर्णी. दुसरीची पानं इवली, जाड, ती पाणथळ जागेतली. दोघीही ब्राह्मी म्हणून विकल्या जातात आणि दोघींच्या बाजूने भांडणारे वैद्य आहेत. नागकेशर मागितलं तर, ‘काळा की तांबडा?’ काळा म्हणजे दालचिनीच्या भाऊबंदांची कच्ची फळं. तांबडा म्हणजे आपल्या कोकणातल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या. वेणीत असते तोवर सुरंगी, पत्र्याच्या डब्यात गेली की नागकेशर. खऱ्या नागचाफ्याचे केसर हवे असतील तर आधी सांगावं लागेल आणि भाव ऐकताना बसून घ्यावं लागेल. स्टूल दुकानातच होतं.

वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरांत साठणारे पांढरे खडे. बांबूने मनावर घेतलं तर होतात, नाहीतर नाही. बाजारात मात्र ते बारा महिने, एकसारखे पांढरे, एकसारखे चौकोनी असतात. ‘कारखान्यातले,’ मालक शांतपणे म्हणाले. ‘तुम्ही तवकीर घ्या. निदान कंद तरी आहे.’ असा दुकानदार पुण्यातच सापडतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, त्याचं अज्ञान दुकानात राहता कामा नये.

नानांनी मग घरी अशोकाची साल काढायचा बेत सांगितला. सोसायटीच्या कुंपणाला अशोक आहेतच ओळीने. मालकांनी कपाळाला हात लावला. भाल्यासारखा उंच वाढतो, पानांच्या कडा लाटांसारख्या असतात, तो आसुपालव. त्याला अशोक म्हणतो ते आपल्या सोयीने. औषधातला अशोक तो सीतेचा, नारिंगी-तांबड्या फुलांच्या घोसांचा. ‘आणि तो बायकांच्या तक्रारींवर देतात, काका,’ मालक म्हणाले. ‘तुम्हाला गुडघ्याला कुणी सांगितला?’ यादीत तो नव्हताच, नानांनी तो झाडं हाताशी आहेत म्हणून घेतला होता.

एकट्या नानांना काय बोल लावायचा? २०२० साली सरकारने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्यांचा साधा काढा सांगितला होता. तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, मिरी एक. घरोघरी त्यात लवंग पडली, मग जायफळ, मग ओवा, आणि शेवटी तुळस नव्हती म्हणून कुणी पुदिना टाकला. गुळवेल तर कंपाउंडच्या तारेवर दिसेल ती वेल ओढून उकळली गेली. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेबद्दल लिहिलं. आयुष मंत्रालयाने सांगितलं, की गुळवेल निर्दोष आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असेल. दोघांचंही बोलणं मनावर घ्यायचं तर उकळण्याआधी वेल ओळखायला हवी. आम्ही उकळायला आधी लागलो होतो.

आणि मध? भावमिश्राने मधाअभावी जुना गूळ सांगितला, तोही मधाचा अभाव उघडपणे मान्य करून. हल्ली अभाव कुणी मान्य करत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तेरा ब्रँडचे मध तपासून घेतले. सगळ्या चाचण्यांतून तीनच ब्रँड पार पडले, बाकीच्यांत साखरेच्या पाकाचा संशय निघाला. कंपन्यांनी हात झटकले. हाताला पाक लागला असता तर तेही जमलं नसतं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. मधुमेहींसाठी बिनसाखरेचा च्यवनप्राशही आला आहे. चरकाच्या पाठात साखर अर्धी तुळा, म्हणजे पन्नास पळं. ती काढून गोडी दुसरीकडून आणली. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तारुण्य दिलं तेव्हा त्यांची साखर तपासलेली नव्हती, त्यामुळे या बदलाला शास्त्राधार शोधणं अवघड आहे.

नानांनी घरी आल्यावर भावमिश्राचा आदर्श ठेवून यादीवर काम सुरू केलं. शंखपुष्पीऐवजी गोकर्णाचा निळा चहा, कारण सुनेने गच्चीत वेल लावला आहे आणि फोटो छान येतो. मोरिंगा पावडरचा डबा परत पाठवला आणि कामवाल्या मावशींकडून शेवग्याचा पाला आणवला. अख्ख्या मोहिमेतला हा एकच व्यवहार मला शहाणपणाचा वाटला. चियाच्या जागी सब्जा. ब्राह्ममुहूर्ताच्या जागी साडेसात, कारण मुंबईची लोकल चुकली तर पुढची असतेच. अनवाणी चालण्यासाठी गवत हवं होतं, ते नव्हतं म्हणून बाल्कनीत हिरवी प्लास्टिकची चटई टाकली. उपाशी राहायच्या वेळेला साबुदाण्याची खिचडी, उपास म्हणून.

‘वैद्यजीवन’ लिहिणाऱ्या लोलिंबराजाचं मत असं, की पथ्य पाळणाऱ्याला औषध कशाला हवं आणि न पाळणाऱ्याला तरी ते कशाला द्यायचं. हे मी नानांना सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, ‘पथ्याच्या ऐवजी काय चालतं, ते लिहिलंय का त्याने?’

राहिली दहा हजार पावलं. कोचबाईंना ती मनगटावरच्या घड्याळातून रोज दिसतात, त्यामुळे तिथे चटई चालेना. नानांनी दोन दिवस मालिका बघताना हात हलवून पाहिला, खांदा धरला. मग त्यांनी घड्याळ रात्रपाळीच्या वॉचमनच्या मनगटावर बांधलं. त्याच्या सोसायटीला फेऱ्या असतातच, दोन ठिकाणी नोकरी, शिवाय घर लांब. पहिल्याच आठवड्यात आकडा पंधरा हजारांच्या पुढे गेला. कोचबाईंनी तीन टाळ्या आणि एक ज्योत पाठवून अभिनंदन केलं. झोप कमी दिसते, हृदयाचे ठोके मात्र पंचविशीतल्या माणसासारखे आहेत, सगळा अश्वगंधेचा गुण, असं कळवलं आणि नानांचा फोटो ‘यशोगाथा’ म्हणून मागवून घेतला. तिशीतल्या एका नव्या गिऱ्हाइकाला आता नानांचा आहारतक्ता पाठवला जातो.

वॉचमनची एकच कुरबूर होती. साहेब, घड्याळ सारखं कंप पावून ‘चला, उठा’ म्हणतं आणि चालून चालून भूक लागते, थोडं दूध तरी मिळेल का? नानांनी विचार केला आणि अष्टवर्गाची बरणी त्याला देऊन टाकली. चमच्यासकट.