वायच चढ

किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर गोव्याला जायचे ठरले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला माड, मधून सपाट रस्ता आणि त्यावरून वाऱ्यावर केस उडवत निघालेला मी. यातल्या केसांवर बायकोने तेव्हाच हरकत घेतली, कारण उडण्याइतके ते उरलेले नाहीत. सपाट रस्त्यावर कोणीच हरकत घेतली नाही. ती कोकणाने घेतली, मांडव्याला रो-रो बोटीतून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी.

नकाशात किनारा ही एक रेघ असते. शाळेत ती ७२० कि.मी. लांब म्हणून पाठ केली होती. उंचीबद्दल बाईंनी अवाक्षर काढले नव्हते. प्रत्यक्षात सह्याद्रीतून निघालेली नदी समुद्रापाशी खाडी करते, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा उभा असतो. रस्ता खाडीशी उतरतो, सड्यावर चढतो, पुन्हा उतरतो. उतारावर मिळवलेले सगळे पुढच्या चढावर व्याजासकट फेडायचे. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्यांनी केळशीच्या अलीकडे हे गणित मांडून दाखवले आणि उरलेला चढ सायकल हाताने ढकलत पार केला. खरोखर सपाट असे जे काही मिळाले ते आगरदांडा, बागमांडला, दाभोळ आणि तवसाळच्या फेरीबोटींवर. म्हणजे या सायकल सहलीतली माझी सर्वोत्तम कामगिरी मी पाण्यावर, उभ्याउभ्या केली.

वाटेत कोणालाही विचारा, पुढे चढ आहे का? मालवण मुलखात उत्तर ठरलेले : "नाय हो, वायच चढ आसा." वायच म्हणजे थोडासा, असे मी समजत होतो. आता सांगतो, वायच हे एक माप आहे. त्यात पहिल्या गिअरवर जीभ बाहेर येऊन, दोनदा उतरून, एकदा देवाचे नाव आणि एकदा नेत्याच्या घराण्याचे नाव घेऊन जेवढे अंतर कापले जाते, तेवढे बसते. सांगणारा मात्र खोटा नसतो. तो तिथे लहानपणापासून डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढलेला असतो.

आमचे नेते म्हणजे काका. वय ६४, पोटऱ्या २४च्या. आम्ही अकरा जण, आणि काकांच्या हाती शिट्टी. पहाटे पाचला शिट्टी, चहाला सात मिनिटे, नाश्त्याला वीस. गुहागरला आमच्यातल्या एकाने दुसऱ्यांदा घावणे मागवले तर काकांनी ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघितले. आठ दिवस आम्ही एकच स्वप्न बघत होतो : हे संपते कधी. बैठकीचा प्रश्न तर असा बिकट झाला होता, की रात्री खानावळीत सगळे उभे राहून जेवत आणि मालक म्हणे, "बसा ना." त्या दोन शब्दांनी आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे.

आणि नवव्या दिवशी, वेंगुर्ल्याहून निघाल्यावर, काहीतरी बिघडले. पणजी पंच्याहत्तरेक कि.मी.वर आली होती. गाड्या सुसाट सुटायला हव्या होत्या, त्या चालेनात. एकाला फोटो काढायचा होता. एकीला अचानक घरच्यांसाठी काजू घ्यायचे होते, तेही चार दुकानांत भाव करून. आरवलीला वेतोबाचे दर्शन निघाले. हा देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक नवसाला हातभर लांबीच्या चामडी चपला वाहतात. त्या चपलांसमोर आम्ही अकरा जण इतक्या आपुलकीने कधी कोणत्या देवापुढे उभे राहिलो नसू. फिरून फिरून काय झिजते हे समजणारा देव विरळा. बँकवाले हळूच म्हणाले, "सीट वाहिली तर चालेल का?"

शिरोड्याला १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता. आमच्या जर्सीवर सत्याग्रहाविनाच मीठ धरले होते. तिथे टपरीवर एक आजोबा भेटले.

"खंयसून इलात?"

"मुंबईहून."

"सायकलीन?" त्यांनी आमच्या चड्ड्यांकडे नीट पाहून घेतले. "मगे किती पैशे गावतत?"

"मिळत नाहीत आजोबा. आम्हीच भरलेत."

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग टपरीवाल्याला म्हणाले, "ह्येंका चाय दी रे. पैशे घेव नको."

तो चहा आम्ही पंचवीस मिनिटे प्यायलो. काकांनी शिट्टी वाजवली नाही. ती गळ्यात आहे ना, याची मी खात्री करून घेतली. होती.

रेडीच्या पुढे वायच चढ लागला. शेवटचा आहे म्हणून कोणी शिवी दिली नाही, उलट मागून कोणीतरी म्हणाले, "संपला एवढ्यात?" आम्ही सगळ्यांनी वळून बघितले. तो तोच होता, ज्याने दापोलीच्या चढावर सायकल दरीत टाकून देण्याची परवानगी मागितली होती.

तेरेखोलची गंमत अशी, की नदी ओलांडायच्या आधीच गोवा लागतो. किल्ला आणि गाव अलीकडच्याच तीरावर. धक्क्यावर उतरलो तेव्हा केरीची फेरीबोट लागलेली होती. एरवी अशी बोट दिसली की काका शिट्टी फुंकत आम्हाला गुरांसारखे आत हाकत. आज ते वाकून बसले होते. पुढच्या चाकात हवा नव्हती.

"पंक्चर," काका म्हणाले. "बोट जाऊ द्या. पुढची बघू."

आम्ही आनंद लपवत धावलो. ट्यूब बाहेर काढली, हवा भरून नदीत बुडवली, इंच इंच फिरवली. एक बुडबुडा येईल तर शपथ. बोट भोंगा देऊन निघून गेली. काकांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर व्हॉल्व्हची काळी टोपी टण्णकन धक्क्यावर पडली आणि घरंगळत माझ्या बुटाशी आली.

मी पाय तिच्यावर ठेवला आणि विचारले, "काका, तोवर चहा घ्यायचा?"