अक्कलकुवा ते जत

जे काम शेजारच्या मेजावरचे गृहस्थ दिवसभर माउस सरकवून निमूटपणे हातावेगळे करतात, तेच एका ओळीच्या सूत्राने, म्हणजे एक्स्प्रेशनने, साधून दाखवण्यात मला जो आनंद होतो, तो कार्यकौशल्याचा की शास्त्रशुद्ध आळसाचा, याचा निवाडा मी आजवर टाळला आहे. कारण तो माझ्या विरुद्ध जाण्याचा संभव फार. २००१ साली आफ्टर इफेक्ट्स या हालत्या चित्रांच्या संगणक-प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर एक्स्प्रेशन्स अवतरली आणि एका लेयरवर दुसऱ्या लेयरचा अंमल बसवण्याची सनद माझ्यासारख्या सत्ताकांक्षी, परंतु एरवी निरुपद्रवी माणसांच्या हाती पडली.

विधानसभेच्या २८८ मतदारसंघांच्या, उमेदवारांच्या मतांच्या पट्ट्यांसह, परिचयफिती करावयाच्या होत्या. पहिल्या क्रमांकाच्या अक्कलकुव्याचा कॉम्प, म्हणजे एका फितीचा आराखडा, सिद्ध करावा आणि थेट जतपर्यंत त्याच्या नकला काढाव्यात, असा सरळ बेत. परंतु नक्कल ही मोठी स्वामिनिष्ठ असते. एक्स्प्रेशनमध्ये कॉम्पचा उल्लेख नावानिशी केलेला असला, की सगळ्या नकला त्याच नावाकडे तोंड करून बसतात आणि येवला, बारामती, सावंतवाडी ही सारी अक्कलकुव्याचीच मते अंगावर मिरवू लागतात. नावाच्या जागी ‘धिस कॉम्प’ घातले, म्हणजे प्रत्येक नक्कल आपापल्या घरात पाहते. नावाच्या शेपटीला अंक ठेवला तर नक्कल काढताना यंत्र तो आपणहून वाढवते, आणि तोच अंक वाचून सीएसव्ही तक्त्यातल्या नेमक्या ओळीवरची मते उचलता येतात. कॉम्पच्या पोटात ठेवलेला कॉम्प, म्हणजे प्रीकॉम्प, मात्र बाहेरच्याची नक्कल काढली तरी एकच राहतो, आणि आपण कोणाच्या पोटात आहोत याचा त्याला पत्ता नसतो. २०१८ पासून इसेन्शियल प्रॉपर्टीजच्या द्वारे त्याच्या हाती प्रत्येक ठिकाणी निराळी किंमत देता येते, तेवढाच दिलासा.

या कारभाराचा खरा अधिकारी म्हणजे नल ऑब्जेक्ट, आणि त्याचा विषय निघाला की मला आवरत नाही. शंभर बाय शंभर पिक्सेलची रिकामी चौकट. रंग नाही, रूप नाही, रेंडर झालेल्या चित्रात मागमूस नाही. तरीही तिच्यावरचा एक स्लायडर हलला की अवघी फौज हलते. उत्तर पेशवाईत वस्त्रे साताऱ्याहून येत आणि हुकूम पुण्याहून सुटत. तेथे गादी दिसे पण सत्ता नसे, येथे सत्ता आहे पण गादीच दिसत नाही. कुठल्या बखरकाराने असा राजा वर्णिला असता, तर त्याला वेड्यात काढले असते. मला मात्र हा राजा आदर्श वाटतो. आपणही असेच अदृश्य राहून राज्य करावे, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. फक्त आपण अदृश्य आहोत हे चारचौघांच्या लक्षात यावे.

या राज्यात मी एकदाच मनाचा हुकूम चालवला. वैध मतांचा एक षष्ठांशही हाती न लागल्यामुळे ज्यांची अनामत जप्त झाली, अशा उमेदवारांच्या पट्ट्या मतांच्या प्रमाणात इतक्या आखूड होत की पडद्यावर केवळ नावे उरत. तेही उन्हातान्हात दारोदार हिंडले असतील, या विचाराने मी सूत्रात किमान चार पिक्सेलांची अट घातली. वरिष्ठांनी ती काढायला लावली. आकडे म्हणजे आकडे, असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. परंतु ती अट खोडताना मला जितके वाईट वाटले, तितके कुणा विजयी उमेदवाराची पट्टी वाढवताना बरे वाटलेले नाही.

पुढे त्याच वरिष्ठांनी पट्ट्या किंचित जाड करण्याची सूचना केली. मी स्लायडर हलवला. अक्कलकुव्यापासून जतपर्यंत सगळ्या पट्ट्या तत्क्षणी जाड झाल्या. मी कौतुकाच्या प्रतीक्षेत मान वळवली.

“एवढंच होतं होय?” ते म्हणाले. “मग बिल इतकं कसं हो?”

त्या दिवसापासून दुरुस्ती आली की मी प्रथम भुवया आकुंचित करतो, “बरंच खोलात शिरावं लागेल, साहेब,” असे म्हणतो, स्लायडर हलवतो आणि दोन तास कँटीनमध्ये जाऊन बसतो. शेजारचे गृहस्थ तेथे कधी भेटत नाहीत; त्यांना खरोखरच काम असते.