सिगारेटच्या पाकिटातली माझी मंडळी

आमच्या घरात सिगारेट कुणी ओढत नाही. सिगारेटच्या पाकिटांतून आलेली माणसं मात्र बरीच राहायला आहेत. वरच्या मजल्यावरच्या कपाटात, जिथे सासूबाईंच्या मते माझ्या पैठण्या असायला हव्या होत्या, तिथे एका जाडजूड अल्बममध्ये शिकागो कब्स या बेसबॉल संघाचे १९०९ ते १९११ या काळातले खेळाडू नांदतात. कुणी बॅट घेऊन उभा, कुणी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला, कुणाचा नुसताच चेहरा. प्रत्येकाची उंची साडेसहा सेंटिमीटर, रुंदी साडेतीन. भाडं कुणी देत नाही. विम्याचा हप्ता मी भरते.

मिरजेला माझ्या माहेरी हा प्रकार समजावून सांगताना मला नेहमी मुळापासून सुरुवात करावी लागते. त्या काळी अमेरिकेत सिगारेटचं पाकीट कागदी असे. खिशात ते चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. पुठ्ठा घालायचाच आहे तर कोरा कशाला, म्हणून त्यावर चित्रं आली. नट्या आल्या, झेंडे आले, पक्षी आले आणि बेसबॉलचे खेळाडूही आले. सिगारेट बापाने ओढायची आणि चित्र पोराने जमवायचं, अशी कामाची वाटणी होती. ज्यांचे बाप ओढत नसत ती पोरं दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चित्र मागत. इथवर आई समजुतीने मान डोलावते, कारण माझा थोरला भाऊ मिरज जंक्शनच्या बाहेर पानाच्या टपऱ्यांखालची रिकामी पाकिटं गोळा करत असे, आणि त्यापायी त्याने आईच्या हातचा मारही भरपूर खाल्लेला आहे. फक्त त्याने ती पाकिटं फुकट गोळा केली. मी विकत घेते. आईची मान डोलायची थांबते ती इथे.

ही कार्डं काढली अमेरिकन टोबॅको कंपनीने. जेम्स ड्यूक नावाच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या गृहस्थाने देशातला जवळजवळ सगळा सिगारेटचा धंदा या एका कंपनीच्या पोटात घातला होता. याच कंपनीने १९०२ मध्ये इंग्लंडच्या इंपीरियल टोबॅकोशी तह करून ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही नवी कंपनी काढली. तिची हिंदुस्थानातली शाखा १९१० मध्ये कलकत्त्यात उभी राहिली आणि पुढे तिचं नाव आयटीसी झालं. आशीर्वाद आटा आयटीसीचा. म्हणजे खाली स्वयंपाकघरात डब्यातली कणीक आणि वर कपाटातला माझा अल्बम हे एकाच खानदानातले निघाले. हा शोध मी नवऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितला. त्याने पोळीचा घास थांबवून विचारलं, "मग आटा घेतल्यावर कार्ड फुकट मिळतं का?"

पूर्ण संच म्हणाल तर ५२४ कार्डांचा. टी-२०६ हे त्याचं अधिकृत नाव, आणि संग्राहक त्याला लाडाने म्हणतात मॉन्स्टर. हा क्रमांक दिला जेफरसन बर्डिक यांनी. सिरॅक्यूजच्या या गृहस्थाने अमेरिकेतल्या छापील कार्डांची पहिली मोठी सूची केली. 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. त्यांनी स्वतः जमवलेले तीन लाखांहून अधिक नग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना तिथे बसून वर्षानुवर्षं ते अल्बमांत चिकटवले. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये ते वारले. "छंद असावा तर असा," मी म्हटलं. "हो, पण त्यांनी दिले," नवरा म्हणाला.

५२४ कार्डं माझ्या पगारात बसण्यातली नव्हती. अशा वेळी शहाणा माणूस एकच संघ धरतो. संघ निवडताना मी चारचौघांत स्थळ बघतात तसं बघितलं. पिट्सबर्ग घराणं नामांकित, पण घरात होनस वॅगनर. त्याने स्वतःचं कार्ड छापायला हरकत घेतली. पोरांनी चित्रासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं काही म्हणतात. पैशांवरून बिनसलं, असं काही म्हणतात. स्वतः तो तंबाखू चघळत असे, त्यामुळे वाद मिटत नाही. एवढं खरं की छपाई थांबली, जेमतेम पन्नास-साठ कार्डं जगात उरली आणि २०२२ मध्ये त्यातलं एक साडेबाहत्तर लाख डॉलरना विकलं गेलं. रुपयांत पन्नास कोटींच्या वर. पिट्सबर्ग रद्द. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्समध्ये एडी प्लँक, तोही वॅगनरच्याच पंक्तीतला. फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या संघात मॅगीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं महागडं कार्ड. न्यूयॉर्कच्या डॉइलवर संघाचं नाव चुकलं, तेही तसंच महाग. डेट्रॉइटमध्ये टाय कॉब चार वेगवेगळ्या पोझमध्ये, आणि चारही हात पसरून बसलेले. शिकागो कब्स मात्र खानदानी, कर्तबगार, आणि डोक्यावर असलं एकही कर्ज नसलेले. कार्डं तिसाच्या वर. शिवाय आम्ही राहतो शिकागोच्याच उपनगरात. पत्रिका जुळली.

कर्तबगार म्हणजे किती? १९०६ मध्ये या संघाने एका हंगामात ११६ सामने जिंकले. (आणि वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडून हरले, शेजाऱ्याकडून हरण्याची मजा काही वेगळीच.) १९०७ आणि १९०८ ला मात्र ते जगज्जेते झाले. कार्डं छापली गेली त्यानंतर लगेच. म्हणून माझ्या अल्बममध्ये सगळ्यांच्या चेहऱ्यावर, आता काय, दरवर्षीचंच आहे, असा भाव आहे. पुढचं जेतेपद या संघाला २०१६ मध्ये मिळालं. १०८ वर्षांनी. जपमाळेचे मणी १०८, बेसबॉलच्या चेंडूवरचे टाकेही १०८. २०१६ च्या त्या रात्री क्लीव्हलंडमध्ये सातवा सामना दहाव्या डावात गेला, मध्ये पाऊस आला, आणि आमच्या गल्लीतला एक म्हातारा अंगणात येऊन रडला. मी अल्बम काढून टिंकर, एव्हर्स आणि चान्स यांना बातमी दिली. नवरा तेव्हा भारत-न्यूझीलंडच्या जुन्या सामन्याची क्षणचित्रं बघत होता.

हे तिघे म्हणजे या संघाचे अलंकार. बेसबॉलमध्ये एकाच चेंडूवर दोन माणसं बाद करण्याची एक करामत असते. चेंडू टिंकरने उचलायचा, एव्हर्सकडे फेकायचा, एव्हर्सने चान्सकडे. फ्रँकलिन ॲडम्स या न्यूयॉर्कच्या स्तंभलेखकाने १९१० मध्ये त्यावर एक छोटी कविता लिहिली, आणि तिघे अमर झाले. १९४६ मध्ये तिघांनाही एकदमच हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पण यातली खरी मजा कवितेत नाही. टिंकर आणि एव्हर्स यांच्यात १९०५ मध्ये एका घोडागाडीवरून भांडण झालं. एकजण दुसऱ्याला न घेता गाडीत बसून गेला, एवढंच. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघांनी अबोला धरला. मैदानात एकाने चेंडू उचलावा, दुसऱ्याने झेलावा, शब्द नाही. अबोला सुटला म्हणतात तो १९३८ मध्ये, रेडिओवर वर्ल्ड सिरीजचं वर्णन करायला दोघांना बोलावलं तेव्हा. तोवर दोघे म्हातारे झाले होते. मी त्यांना अल्बमच्या एकाच पानावर शेजारी ठेवलं आहे. टिंकरची चार कार्डं, एव्हर्सची तीन. अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.

कवितेत एक माणूस राहून गेला. त्या चौकडीतला चौथा, तिसऱ्या बेसवरचा हॅरी स्टाइनफेल्ट. यमकात बसला नसेल. माझ्याकडचं त्याचं कार्ड अल्बममधलं सगळ्यात भिकारडं आणि माझं सगळ्यात लाडकं. चारही कोपरे झिजून गोल झालेत. कपाळाच्या बरोबर वर टाचणीचं भोक आहे. कुणीतरी भिंतीवर लावलं असणार. मधून एक आडवी घडी गेली आहे. मागे पीडमाँट सिगारेटची निळी जाहिरात आहे आणि तिच्यावर वाकड्या हाताने पेन्सिलीत एक बेरीज: सतरा अधिक आठ, उत्तर चोवीस. शंभर वर्षं झाली, कुणी तपासलं नाही. कार्डांना एक ते दहा गुण देणाऱ्या आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालून परत पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या लेखी हे कार्ड एकाच्याही खालचं. असू दे. वॅगनरचं सगळ्यात देखणं कार्ड आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने आणि त्याच्या भागीदाराने १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरना घेतलं, आणि पुढे २०१३ मध्ये ते त्याआधी विकणाऱ्या एकाने कबूल केलं की कडा कापून ती देखणी केली होती. माझ्या स्टाइनफेल्टच्या कडा कुणी कापलेल्या नाहीत. चावलेल्या असाव्यात.

संघ एकच धरला की खर्च आटोक्यात राहतो, हा हिशेब कागदावर बिनचूक असतो. व्यवहारात एव्हर्स येतो. त्याचं बॅट घेतलेलं एक कार्ड आहे, त्यात शर्टावर 'शिकागो' लिहिलंय. तीच पोझ, तीच बॅट, तोच त्रासिक चेहरा असलेलं दुसरं कार्ड आहे, त्यात शर्टावर 'कब्स' लिहिलंय.

"अगं, हा आपल्याकडे आहे," नवरा म्हणाला.

"शर्ट वेगळा आहे."

"शर्ट बदलला म्हणून परत पैसे द्यायचे?"

"आणि तू? दर वर्ल्ड कपला निळी जर्सी नवी घेतोस ती?"

तो विषय तिथे संपला. एव्हर्स आला. त्याच न्यायाने तीन बोटांचा मॉर्डेकाय ब्राउनही दोन शर्टांत आला. लहानपणी इंडियानातल्या शेतावर कडबा कापायच्या यंत्रात याचा हात गेला. तर्जनी जवळजवळ सगळी गेली, दुसरी बोटं वेडीवाकडी जुळली. त्याच हाताने टाकलेला चेंडू ऐनवेळी असा खाली पडे की भलेभले फलंदाज नुसती हवा कापत. याचं एक नुसत्या चेहऱ्याचं कार्डही आहे. ज्या हातामुळे नाव झालं तो हातच चित्राबाहेर ठेवणारा चित्रकार कोण असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

आणि मग फीस्टर. न्यूयॉर्क जायंट्सचा कर्दनकाळ. कार्डावर याच्या आडनावातली अक्षरं उलटसुलट झाली आहेत. मॅगीच्या आडनावाचंही स्पेलिंग चुकलं होतं. मॅगीची चूक कंपनीने लगेच दुरुस्त केली, म्हणून चुकलेली थोडीच बाहेर आली आणि आज त्यांना सोन्याचा भाव आहे. फीस्टरची कुणी दुरुस्तच केली नाही. त्यामुळे चूक असूनही भाव साधा. मला हे फार सोयीचं पडलं.

पण घर खऱ्या अर्थाने बुडतं ते कार्ड उलटं केल्यावर. कंपनी एक असली तरी सिगारेटचे छाप अनेक. टी-२०६ च्या मागे सोळा वेगवेगळ्या छापांच्या जाहिराती येतात. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल पायलीला पन्नास. पोलर बेअर ही सुटी तंबाखू. तिच्यात कार्ड तसंच टाकलेलं असे, म्हणून त्या कार्डांवर अजून तपकिरी डाग दिसतात. एका छापाचं नाव टॉलस्टॉय. कार्डं निघाली तेव्हा टॉलस्टॉय हयात होते, आणि तंबाखू सोडून तिच्याविरुद्ध निबंध लिहून वीसेक वर्षं झाली होती. आणि एका छापाचं नाव, खरंच सांगते, हिंदू. तपकिरी शाईतला हिंदू दुर्मीळ, लाल शाईतला त्याहून दुर्मीळ. विमानतळाजवळ रोझमाँटला कार्डांचं मोठं प्रदर्शन भरतं तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मला बघितलं, आणि न विचारता खालचा खण उघडून हिंदू पुढे केला. किंमत ऐकून मी तो परत दिला. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं.

"हिंदू? सिगारेट?" आई म्हणाली. मग थोडा विचार करून, "उपासाला चालते का विचारलंस?"

तिसाच्या वर कार्डं, त्यातल्या प्रत्येकाच्या मागे येऊ शकतील तेवढे छाप, हा गुणाकार मी नवऱ्यासमोर करत नाही. १९११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅको कंपनीचे तुकडे करायचा हुकूम दिला आणि या मालिकेलाही त्याच वर्षी विराम मिळाला. न्यायमूर्तींचे माझ्या संसारावर अनंत उपकार आहेत.

माझ्याकडे एक जागा अजून रिकामी आहे. कार्ल लंडग्रेन, गोलंदाज. थंडीत फार चांगला टाकायचा, म्हणजे शिकागोसाठीच जन्मलेला. १९०९ च्या हंगामातच तो संघातून गेला, त्यामुळे शिकागोच्या नावाचं त्याचं कार्ड फार निघालं नाही. कॅन्सस सिटीच्या नावाने एक आहे, ते सहज मिळतं. पण माहेरच्या नावाचं हवं असताना सासरच्या नावाचं घेऊन काय करू?

तेव्हा वाचकहो, तुमचे कुणी इलिनॉय-इंडियानाकडे असतील, त्यांनी जुनं घर घेतलं असेल आणि माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला, तर कृपा करून आत बघायला सांगा. लंडग्रेन, खाली 'शिकागो' लिहिलेला. कोपरे नसले तरी चालतील, भोक चालेल, बेरीज चुकलेली चालेल. मागे हिंदू निघाला, तर मात्र फोन नवरा ऑफिसला गेल्यावर करा.