स्मरणाचा इष्टांक

मेलेल्यांची आठवण काढण्याचे काम लोकांवर सोडले तर त्याचे काय होईल, या काळजीने शासनाला ग्रासलेले दिसते. म्हणून ते काम त्याने स्वतःकडे घेतले आहे आणि प्रगती समाधानकारक आहे. दर 30 जानेवारीला, हुतात्मा दिनी, जिथे भोंगा आहे तिथे, तो 10 वाजून 59 मिनिटांनी वाजतो. 11 वाजता दुःख सुरू होते. 11 वाजून 2 मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजतो, दुःख संपते आणि आवक-जावक पूर्ववत सुरू होते. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. 1949 साली तो सुरू झाला तेव्हा कल्पना साधी होती: छातीला छोटा झेंडा लावावा, डब्यात मनाला येईल तेवढे टाकावे आणि त्यातून युद्धात पडलेल्यांच्या घरच्यांना हातभार लागावा. आता मनाला काय यावे हे आधीच ठरलेले असते. इष्टांक जिल्ह्याला येतो, जिल्ह्याकडून खात्यांना आणि खात्यांकडून शाळा-कॉलेजांना जातो. मग एखादा जिल्हा शंभर टक्क्यांच्या पुढे जातो आणि त्याचा सत्कार होतो. कृतज्ञता शंभर टक्क्यांच्या वर कशी जाते, हे गणित ज्यांना सुटले त्यांना मानाचा मुजरा. 2023 साली ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत हातात माती घेऊन शपथ घ्यायची, सेल्फी काढून संकेतस्थळावर चढवायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे अशी सोय झाली. माणूस गहिवरला होता याचा छापील पुरावा मिळू लागला.

हा सगळा सरंजाम आता आष्टीला लावून पाहू. वर्धा जिल्ह्यातल्या या गावाचे नाव सरकारी कागदावरही ‘आष्टी (शहीद)’ असे लिहितात. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. या क्षणापासून प्रत्येकाने स्वतःला स्वतंत्र समजावे, असे गांधीजींनी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे मोठे पुढारी गजाआड गेले. पुढे 16 ऑगस्टला, ऐन नागपंचमीला, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले तेव्हा त्यांच्यापाशी ना कार्यक्रमपत्रिका होती, ना नोडल अधिकारी, ना हजेरीपट. सरकारचा जो काही हुकूम होता तो मुकाट घरी बसण्याचा होता. गोळीबार झाला, माणसे पडली. चिडलेल्या जमावाच्या हातून फौजदार आणि शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी चिमूर हे गावही पेटले. दोन्ही ठिकाणचे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, गांधीजींनी त्या कैद्यांसाठी रदबदली केली आणि 1945 साली फाशी जन्मठेपेवर आली. आष्टीत जे पडले त्यांनी काय केले होते, तर सरकारी हुकूम धुडकावून आपल्या मनाने घराबाहेर पाऊल टाकले होते. त्यांचे पुण्यस्मरण परिपत्रकाने करायचे, आणि गैरहजर राहणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढायची, ही कल्पना ज्याला सुचेल त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

वर्धा जिल्ह्याची या बाबतीतली खोडी जुनीच आहे. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही ठरले. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नये, पैसा देऊ नये, असे तो सत्याग्रह सांगत होता. तोही मोर्चाने नव्हे, निवडलेल्या एकेकट्या माणसाने, स्वतःच्या नावावर. तेव्हाचे सरकारही म्हणत होतेच की युद्धात शिपाई मरत आहेत आणि त्यांच्यासाठी एवढेही करायचे नाही का. विनोबांना मेलेल्या शिपायांविषयी राग होता, असे कोणी म्हणणार नाही. ‘नाही’ म्हणण्याची मुभा ज्या जिल्ह्यात तुरुंगात जाऊन कमावली गेली, तिथे ‘हो’ म्हणण्याची सक्ती करताना निदान थोडे ओशाळायला हवे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सक्ती काढली तर लोक विसरतील. लोक बेभरवशाचे आहेत, हे निवडणूक सोडून एरवी सर्वांना मान्य असते. पण आष्टीहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरी लागते. बेचाळीसमध्ये ज्यांच्या भजनांनी हा मुलूख पेटला आणि ज्यांना इंग्रजांनी त्याच ऑगस्टात तुरुंगात टाकले, ते तुकडोजी महाराज 1968 साली तिथे निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखो माणसे जागच्या जागी थांबतात, महामार्गावरची वाहनेही थांबतात. तिथे हजेरी कोणी घेत नाही, अनुपालन अहवाल जात नाही, जिओटॅग फोटो कोणी मागत नाही. मौन मात्र पुरे असते. सरकारी मौनात दुसऱ्या मिनिटाला मोबाइल वाजतो आणि साहेब डोळे किलकिले करून कोण हलले ते पाहतात. आता विसरण्याची भीती कोणत्या मौनाला अधिक आहे, हे तज्ज्ञ समिती नेमून ठरवावे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, कारण त्यात पैसा आहे. इष्टांक नसेल तर निधी जमणार नाही आणि निधी जमला नाही तर शहिदाच्या पत्नीने, मुलांनी काय करायचे? प्रश्न खरा आहे, पण तो चुकीच्या दाराशी विचारला जातो. सैनिक सरहद्दीवर सरकारच्या हुकुमाने गेला होता. त्याच्या मागे राहिलेल्यांचे निवृत्तिवेतन, शिक्षण, औषधपाणी हा सरकारवरचा बोजा आहे आणि त्याची जागा अर्थसंकल्पात आहे. नागरिकाने वर काही दिले तर ते प्रेम. ठरवून, वाटून आणि पाठपुरावा करून घेतले तर तो कर, आणि कर घ्यायचा तर विधिमंडळात उभे राहून तसे म्हणावे. शहिदाच्या पत्नीला हक्काने मिळायला हवे ते शाळकरी पोरांच्या खाऊच्या पैशातून उभे करायचे आणि वर त्याला देशप्रेमाचे संस्कार म्हणायचे, यात काटकसर आहे, कृतज्ञता नाही.

तिसरा आक्षेप हातघाईचा असतो: जो उभा राहत नाही, झेंडा लावत नाही, पैसे देत नाही तो हुतात्म्यांचा अपमान करतो. 2016 साली पणजीच्या एका चित्रपटगृहात राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागून मारहाण झाली. पाठीच्या कण्याला दुखापत असल्याने त्याला उभे राहताच येत नव्हते. मारणाऱ्यांची देशभक्ती इतकी उंच उभी होती की खाली बसलेल्या माणसाचे पाय तिला दिसले नाहीत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि जानेवारी 2018 मध्ये ते ऐच्छिक करून टाकले. त्याच्या किती तरी आधी केरळातली तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण श्रद्धेपोटी गात नसत म्हणून शाळेने त्यांना काढले होते. 1986 साली न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदराच्या सक्तीचे हे खूळ आपलेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये युद्धात पडलेल्यांसाठी कोटाला पॉपीचे कागदी लाल फूल लावायची रीत 1921 पासून आहे. काही स्त्रियांना त्यात युद्धाचा गौरव दिसला, म्हणून 1933 साली त्यांनी शांततेची पांढरी पॉपी काढली. पुढे लाल पॉपी न लावणारा दूरदर्शनवर दिसला की ओरड होऊ लागली, आणि 2016 साली बीबीसीवर आलेल्या कुकी मॉन्स्टर नावाच्या निळ्या बाहुल्यालाही पॉपी टोचली गेली. त्याची संमती घेतल्याची नोंद नाही.

शिस्तीचा मुद्दा तेवढा मान्य करू. इतर लोक मौन पाळत असताना कोणी गोंगाट करू नये, हा नियम रास्त आहे, कारण तो दुसऱ्याचे दुःख सांभाळतो. पण तुम्हीही दुःखी व्हा, त्याच मिनिटाला व्हा आणि झाल्याचा फोटो पाठवा, हा नियम कोणाचेच दुःख सांभाळत नाही. कोणाला 16 ऑगस्टला आष्टीत पडलेल्या पोलीस शिपायांच्या घरच्यांचीही आठवण येईल. सेवाग्रामच्या वाटेवरच्या कोणाला झेंड्याऐवजी सूत वाहावेसे वाटेल, तर कोणी त्या दिवशी नांगर धरून वावरातच राहील. यांतला हुतात्म्यांना कोण जवळचा, हे ठरवायला तहसीलदाराला अधिकार देण्याचे कारण नाही.

तरीही सक्ती आवडणाऱ्यांचा हिरमोड करू नये. सक्ती राहू द्यावी, तिचे तोंड फक्त फिरवावे. दरवर्षी 16 ऑगस्टला सकाळी 11 वाजता संबंधित खात्यांच्या सचिवांनी उभे राहावे आणि शहिदांच्या वारसांची किती प्रकरणे कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहेत, हे मोठ्याने वाचावे. इष्टांक शून्य. त्यात कसूर झाल्यास वेतनवाढ रोखावी. नागरिकांनी उपस्थित राहणे ऐच्छिक असेल. अनुपालन अहवाल मात्र सात दिवसांत, फोटोसह, जनतेकडे पाठवावा.